मन आणि रेणू (लेखांक ७) : संशोधन हवं, पण आमच्या गल्लीत नको

मागच्या लेखांकात आपण पाहिलं की कायद्यानं जवळजवळ थांबवलेलं सायकेडेलिक द्रव्यांचं संशोधन २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या अभ्यासानंतर पुन्हा कसं जोर धरू लागलं. आज प्रयोगशाळेबाहेर येऊ. या संशोधनातून सर्वसामान्य माणसाला नेमकं काय हवं आहे?

अमेरिकेत याचा अंदाज जनमत पाहणीतून येतो आणि मतपेटीतूनही. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०२३ मध्ये १,५०० नोंदणीकृत मतदारांची मतं जाणून घेतली. त्यांपैकी ७८ टक्के लोक म्हणाले, संशोधकांच्या वाटेतले अडथळे कमी करा. देखरेखीखालच्या उपचारांना कायदेशीर मान्यता द्यायला ६१ टक्क्यांचा पाठिंबा होता. पण समाजासाठी ही द्रव्यं चांगली आहेत असं ६१ टक्क्यांना वाटत नव्हतं आणि ‘माझ्यासारख्यांसाठी ही गोष्ट नाही’ अशी ६९ टक्क्यांची भावना होती.

यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. गावात शस्त्रक्रियेची सोय असावी असं प्रत्येकाला वाटतं. टेबलावर झोपायची हौस कुणालाच नसते.

मतपेटीतही हेच दिसलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ओरेगॉन राज्यात सुमारे ५६ टक्के मतदारांनी ‘मेझर १०९’ हा प्रस्ताव मंजूर केला. त्यामुळे २१ वर्षांवरच्या कुणालाही परवानाधारक केंद्रात, प्रशिक्षित सहायकाच्या सोबतीनं सिलोसायबिन घेण्याची मुभा मिळाली. सिलोसायबिन हे विशिष्ट अळंब्यांमध्ये आढळणारं द्रव्य. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. पण दोनच वर्षांनी त्याच राज्यातल्या अनेक काउंटींमधल्या मतदारांनी ‘आमच्या हद्दीत अशी केंद्रं नकोत’ असा कौल दिला.

कोलोरॅडोनं २०२२ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. केंद्रांबरोबर घरी अळंबी वाढवण्याची मोकळीकही सुमारे ५४ टक्क्यांनी मान्य केली. तशाच धर्तीचा प्रस्ताव मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ साली आला, तेव्हा सुमारे ५७ टक्क्यांनी तो फेटाळला. तिथल्या विरोधी प्रचारात घरच्या लागवडीचा मुद्दा ठळक होता. थोडक्यात, ‘जनता’ नावाचं एकच मन कुठेही बसलेलं नाही.

तरीही काही प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. गुण किती दिवस टिकेल? खर्च परवडेल का? घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर? हा शेवटचा प्रश्न विशेष अडचणीचा आहे, कारण मनोविकृतीचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना बहुतेक चाचण्यांतून आधीच वगळलं जातं. म्हणजे ज्यांना धोक्याची जास्त काळजी आहे, त्यांच्यासाठीच आकडे तोकडे पडतात.

या सगळ्याचा कस लागला जून २०२४ मध्ये. तीव्र मानसिक आघातानंतरच्या विकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, एमडीएमए या द्रव्याच्या मदतीनं करायच्या उपचाराचा अर्ज अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीसमोर आला. खुल्या सुनावणीत काहींनी कळकळीनं मान्यता मागितली. काहींनी चाचण्यांमधल्या थेरपिस्टांच्या गैरवर्तनाकडे बोट दाखवलं. धोक्यापेक्षा फायदा मोठा नाही, असं समितीनं १० विरुद्ध १ मतांनी ठरवलं. ऑगस्टमध्ये प्रशासनानं मान्यता नाकारली आणि आणखी एक चाचणी करायला सांगितलं.

समितीपुढची एक मोठी अडचण अशी : औषध कुणाला आणि नुसती गोळी कुणाला, हे चाचणीत रुग्णाला कळता कामा नये. पण एमडीएमए घेतलेल्याला ते थोड्याच वेळात उमगतं. मग सुधारणा औषधाची किती आणि अपेक्षेची किती, हे वेगळं काढणं अवघड होतं. ज्याला नुसती गोळी मिळाली, त्याची निराशाही निकालात उतरू शकते. म्हणजे माहितीपटांनी आणि मथळ्यांनी लोकांच्या मनात पेरलेली आशा थेट मोजमापात मिसळते. लोकांना ज्या उत्तराची घाई आहे, तेच उत्तर त्या घाईमुळे गढूळ होतं.

आपल्याकडे एलएसडी, सिलोसायबिन आणि एमडीएमए १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येतात आणि असं सार्वमत इथे झालेलं नाही. पण ‘एका गोळीत नैराश्य गायब’ छापाचे संदेश आपल्याही फोनवर येतात. अशा वेळी विचारायचं ते हे : चाचणीत किती माणसं होती, कुणाला वगळलं होतं, नंतर किती महिने त्यांची विचारपूस झाली आणि त्रास झालेल्यांची नोंद कुणी ठेवली? संशोधनासाठी दार उघडायला लोक राजी आहेत. त्यांचा भरवसा टिकायचा असेल, तर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संशोधकांनी न विचारताच द्यायला हवं.

(पुढील आठवड्यात : जुलै २०२३ पासून मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सिलोसायबिन लिहून देण्याची परवानगी देणारा ऑस्ट्रेलिया)