वसंतातला श्वास : उद्यमबाग ते जांबोटी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळांची धग बारमाही. तिथे वसंताची वर्दी सहसा पोहोचत नाही. मात्र चोर्ला घाटातून गोव्याकडे येणारी वाट धरली, की तासाभरात जांबोटीचे रान लागते. कोवळ्या पालवीच्या या दिवसांत कामगाराने दोन दिवस तिथे काढावेत आणि पहाटे स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे.

शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो व जठराग्नी मंदावतो, असे आयुर्वेद मानतो. म्हणून या ऋतूत हलका आहार आणि व्यायाम सांगितला आहे. दुपारची झोप (आपल्याला कितीही प्रिय असली तरी) वर्ज्य. प्राणायाम या दिनचर्येत सहज बसतो. श्वास घेताना हृदयगती किंचित वाढते, सोडताना उतरते. म्हणूनच दीर्घ उच्छ्वासाने मन निवते. नवख्याने चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. कुंभकाची घाई नको. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी कपालभाती, भस्त्रिका टाळावी.

बेळगावला हा विषय नवा नाही. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यास गेले, ते बेळगावात सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने.

तरीही एक भ्रम नसावा. ओतकामाच्या वाळूची सूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतली, तर कोणताही प्राणायाम ती बाहेर काढत नाही. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. रानातून पाळीवर परतताना योग्य प्रतीचा धूळरोधक मास्क हवाच. कारखान्यात धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे ही मालकाची जबाबदारी. खोकला वा धाप टिकून राहिल्यास छातीचा एक्स-रे काढावा आणि आपण नेमके कोणते काम करतो, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.