प्रवासाची पेटी : किंमत आणि मोल

इचलकरंजीचे एक कापडव्यापारी महिन्यातून दोनदा मुंबई-अहमदाबादच्या फेऱ्या करतात. दोन पावसाळ्यांपूर्वी मुळजी जेठा मार्केटच्या गल्लीत त्यांच्या नव्याकोऱ्या बॅगेचे चाक निखळले. बॅग ओढत नेताना तिचा तळ घासला गेला, चेन उसवली आणि नमुन्याचे तागे चिखलात पडले. ठरलेल्या वेळेला पेढीवर पोहोचता आले नाही; पोहोचले तेव्हा हाती डागाळलेले नमुने होते. सौदा दुसऱ्याकडे गेला. सवलतीच्या सेलमध्ये घेतलेल्या बॅगेत वाचलेले हजार-दीड हजार रुपये त्या एका सकाळी कितीतरी पटींनी वसूल झाले.

व्यापारी कुटुंबात मालाची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. तो माल ज्यात भरून न्यायचा त्या पेटीची पारख मात्र बहुधा रंग आणि सवलत पाहूनच होते.

पेटीचे अंग

बाजारात कठीण कवचाच्या आणि कापडी अशा दोन जाती आहेत. कठीण कवचात एबीएस हे प्लास्टिक सर्वांत स्वस्त. ते ताठ असते, पण जोराचा आघात झाल्यास तडकते. पॉलिकार्बोनेट लवचिक असते. दाबले तर आत जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. पॉलिप्रॉपिलीन वजनाला हलके व चिवट असून त्याचा रंग आरपार असल्याने ओरखडे फारसे उठून दिसत नाहीत. लेबलवर नुसते ‘हार्ड’ लिहिलेले असेल, तर नेमके प्लास्टिक कोणते हे दुकानदाराला विचारावे.

कापडी बॅगेसंबंधी सूतकापडाच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. सहाशे डेनियरचे पॉलिस्टर अधूनमधूनच्या प्रवासाला पुरते. नेहमीच्या फेऱ्यांसाठी बाराशे वा त्याहून अधिक डेनियरचे कापड पाहावे. मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये; वीण घट्ट आहे का, आतून लेप आहे का आणि कोपऱ्यांची शिलाई दुहेरी आहे का, हे बॅग उलटी करून पाहावे. चामडे वर्ज्य असणाऱ्या घरांनी मूठ, पट्टे व नावाची चिठ्ठीही तपासावी. कापडी बॅगेलाही कधी कधी चामड्याची किनार असते.

चाक, दांडा आणि चेन

बॅग बहुधा अंगाने नव्हे, अवयवांनी निकामी होते. चाकांच्या बॅगेचे अमेरिकी पेटंट १९७२ चे. उभा दांडा व दोन चाकांची आजची ओळखीची बॅग १९८७ मध्ये एका वैमानिकाने घडवली. पुढे चार फिरत्या चाकांची पद्धत आली. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती सुखाची. पण ही चाके बाहेर आलेली असल्याने आदळून तुटण्याचा संभव अधिक. एस.टी. स्थानक, फलाट आणि बाजाराच्या गल्ल्या हाच ज्यांचा मार्ग, त्यांना अंगात बसवलेली दोन मोठी चाके अधिक साथ देतात. चाक स्क्रूने बसवलेले असावे. रिव्हेटने ठोकलेले चाक बदलणे कटकटीचे होते.

दांडा पूर्ण वर ओढून हलवून पाहावा. फार डुगडुगत असेल तर तो लवकर अडकतो. चेन दहा वेळा उघड-मीट करावी, विशेषतः वळणावर. मऊ वेटोळ्याची चेन साध्या बॉलपेनाच्या टोकानेही उघडता येते आणि कुलूप लावलेले असूनही सरकपट्टी फिरवून पुन्हा मिटवता येते. म्हणून मौल्यवान नमुने व कागदपत्रे नेहमी हातातील बॅगेतच असावीत.

वजनाचा हिशेब

देशांतर्गत विमानप्रवासात बहुतेक कंपन्या साधारण श्रेणीला १५ किलो सामान आणि ७ किलोची एक हातबॅग नेऊ देतात. रिकामी हातबॅगच सव्वातीन किलोची असेल, तर मालासाठी पावणेचार किलोच उरतात. तेव्हा रिकाम्या बॅगेचे वजन किमतीइतकेच महत्त्वाचे.

दर फेरीचा खर्च

समजा, अडीच हजारांची बॅग वर्षाला २४ फेऱ्यांच्या वापरात दोन वर्षे टिकली. फेऱ्या ४८; दर फेरीचा खर्च सुमारे ५२ रुपये. साडेसात हजारांची बॅग आठ वर्षे टिकली आणि मध्यंतरी चाके व दांडा बदलण्यास बाराशे रुपये लागले, तर एकूण ८,७०० रुपये व १९२ फेऱ्या. दर फेरीला सुमारे ४५ रुपये. महाग बॅग येथे स्वस्त ठरली.

परंतु हाच हिशेब उलटाही होतो. वर्षातून चारदाच बाहेर पडणाऱ्या कुटुंबात अडीच हजारांची बॅग सहा वर्षे टिकली, तर दर फेरीला १०४ रुपये पडतात. साडेसात हजारांची बारा वर्षे टिकली, तरी १५६. त्यांनी महाग बॅग घेणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे. घरात सर्वांसाठी सारख्या बॅगा घेण्याऐवजी फिरतीवर जाणाऱ्यासाठी एक उत्तम आणि इतरांसाठी साध्या, ही विभागणी शहाणपणाची.

बिल जपावे

हमीपत्रावरील वर्षांपेक्षा त्यातील अटी वाचाव्यात. हमी बहुधा निर्मितीतील दोषापुरती असते. वाहतुकीत झालेली मोडतोड तिच्यात सहसा येत नाही. दुरुस्ती केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे, हेही विचारावे. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांचे कारखाने नाशिक परिसरात आहेत. तरी सुटे भाग जवळ मिळतील असे गृहीत न धरता खरेदीपूर्वीच खात्री करावी.

विमानातून बॅग तुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. सामानाची चिठ्ठी व बोर्डिंग पास तोवर फेकू नये.

इचलकरंजीच्या त्या व्यापाऱ्यांनी पुढच्या खेपेला दोन चाकांची जाड कापडी बॅग घेतली. दुकानात त्यांनी ती आधी उलटी केली, चाकांचे स्क्रू पाहिले आणि मगच भाव विचारला.