परीक्षेचा ताण आणि मुलांची त्वचा

आमच्या पुतणीने सी.ए.च्या परीक्षेची तयारी आरंभली, तेव्हा तिचा चेहरा नितळ होता. परीक्षा महिन्यावर आली आणि कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या. घरात जो तो निदान करू लागला. कोणी म्हणे, तळलेले खाते. कोणी म्हणे, तोंड नीट धूत नाही. एका लग्नात दूरच्या मामींनी चारचौघांत विचारले, "अगं, हे काय झाले तुझ्या चेहऱ्याला?" त्यानंतर तिने समारंभांना येणेच सोडले.

वास्तविक यात तिचा अपराध फारसा नव्हता. मज्जासंस्था आणि त्वचेचा बाह्य थर गर्भावस्थेत एकाच मूळ स्तरापासून घडतात. त्यांचे नाते पुढेही सुटत नाही. मनावर ताण आला की मेंदूच्या इशाऱ्याने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवू लागतात. ही अवस्था लांबली की त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. ज्यांना मुळात इसब आहे, त्यांचे इसब नेमके याच दिवसांत उफाळते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात याविषयी एक विलक्षण प्रयोग झाला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम दोन वेळा करण्यात आली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळी ती भरून येण्यास सरासरी ४० टक्के अधिक काळ लागला. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगाने भरली नाही! टाळू म्हणजे त्वचा नव्हे, हे खरे. परंतु २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मुरुमे असलेल्या २२ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या व इतर दिवसांत तपासले. झोप आणि आहार यांतील फरक हिशेबात धरूनही, ज्यांचा ताण अधिक वाढला त्यांची मुरुमे अधिक बळावलेली दिसली. बिघडलेल्या आहाराचाही वाटा आढळला; तेव्हा तळलेल्या पदार्थांविषयी बोलणारे अगदीच चुकीचे नव्हते, असे म्हणू या.

आमची खरी चूक पुढची. औषधाच्या दुकानातून कोणीतरी "आठ दिवसांत चेहरा उजळतो" असे मलम आणून दिले. उजळलाही. मलम थांबवताच मात्र चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली आणि पुटकुळ्या दुप्पट झाल्या. त्यात स्टेरॉइड होते. असे मलम दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात, आणि व्यापारी घरातील आपण, मालाची पारख करणारे, डबीवरील बारीक अक्षरे वाचत नाही.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चेहरा पाहण्याआधी विचारले, "बेटा, रात्री किती तास झोपतेस?"

"चार," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या आईला हे ठाऊक नव्हते.

लाली पुरती ओसरायला पाच महिने लागले.