खाऱ्या वाऱ्यातील लेथ

उरणच्या करंजापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत पसरलेल्या आमच्या किनाऱ्यावर लोखंडाचे आयुष्य फार अल्प असते, आणि ही गोष्ट येथे घर बांधणाऱ्या गृहस्थाला दाराच्या पहिल्या बिजागरीपासूनच कळू लागते. अशा मुलखात, नारळी-पोफळीच्या सावलीतील पडवीत कोणी हौसेखातर छोटा लेथ मांडावा आणि शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवीत धातू कातीत बसावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु या हौसेत माझी बरीच वर्षे अतिशय आनंदात गेली आहेत, आणि तिच्यात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या वाचकाला चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सावंतवाडीचा कातारी खेळणे घडवतो तेव्हा लाकूड फिरत असते आणि हत्यार त्याच्या हातात असते. धातूचा प्रतिकार हाताला पेलणारा नाही. म्हणून धातूच्या लेथवर हत्यार एका सरकत्या बैठकीवर आवळले जाते व मळसूत्राच्या फेऱ्यांनी ते मोजून पुढे नेता येते. ही बैठक आणि आटे पाडण्याचे मळसूत्र एकाच यंत्रात बसवून लंडनच्या हेन्री मॉड्सलेने 1800 च्या सुमारास आधुनिक यंत्रविद्येचा पायाच घातला. आपल्याकडे 1910 साली किर्लोस्करवाडीस कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगपरिवारातून पुढे 1941 साली हरिहर येथे लेथ बनवणारी संस्था निघाली, आणि ‘किर्लोस्करचा लेथ’ हा शब्दप्रयोग गावोगावच्या कारखान्यांत रूढ झाला. हौशी माणसाचा लेथ त्या मानाने बालकच. सुमारे 180 मिलिमीटर व्यासाचा तुकडा फिरवणारा, दोन टोकांमध्ये फूटभर अंतर असलेला आणि दोघांना उचलता येईल एवढ्या वजनाचा.

प्रारंभ कोणत्या धातूने करावा, याचे उत्तर मला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे पाहताना सुचते. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे दिसू लागताच, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडू नयेत म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे अन्यत्र नेण्याची तजवीज झाली. 1904 साली अलिबागेस वेध सुरू झाले, आणि 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी ते जोडीने घेऊन नव्या जागेची खातरजमा करण्यात आली. चुंबकसुईला लोखंडाचा उपद्रव होऊ नये म्हणून तेथील इमारती चुंबकत्व नसलेल्या द्रव्यांच्या उभारल्या गेल्या. नवशिक्यानेही काही काळ लोखंड असेच दूर ठेवावे आणि पितळ हाती घ्यावे. ते मऊपणे कापले जाते, त्याला तेलपाणी लागत नाही आणि मिठाच्या हवेत ते निदान तांबेरत नाही. मात्र घरातील पितळ होडीच्या पाण्याखालच्या भागास वापरू नये, कारण समुद्राचे पाणी त्यातील जस्त हळूहळू हरण करते व मागे लालसर, ठिसूळ तांबे उरते. तेथे तांबे व कथिलाचे गनमेटलच टिकते.

यानंतरचा विषय हत्याराचा, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवा माणूस पैसा यंत्राच्या सरंजामावर उधळतो आणि हत्याराची धार मात्र बाजाराच्या भरवशावर सोडतो. हायस्पीड पोलादाचे आठ मिलिमीटर जाडीचे चार तुकडे आणि एक सहाणयंत्र यांवर वर्षभर काम निभते. धार स्वतः लावावी, तुकडा तापू लागताच पाण्यात बुडवावा, आणि शेवटी तेलाच्या दगडावर दहा-बारा हात फिरवावेत. या शेवटच्या दहा हातांनी पृष्ठभागात जो फरक पडतो तो महागड्या सामग्रीनेही पडत नाही. पोलादासाठी हत्याराच्या माथ्याला मागे उतार द्यावा. पितळेसाठी माथा सपाट ठेवावा, नाहीतर धातू हत्याराला आत खेचतो आणि क्षणार्धात काम बिघडते. हत्याराचे टोक कामाच्या मध्याशी नेमके समपातळीत हवे. त्याची परीक्षा सोपी आहे: यंत्र बंद असताना गोल सळई आणि हत्याराचे टोक यांमध्ये पातळ पोलादी पट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी उभी राहिली तर पातळी साधली, वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे, पलीकडे झुकले तर वर. हत्यार पकडीबाहेर जितके कमी काढाल तितकी थरथर कमी. आणि सळई चकाबाहेर, म्हणजे तिला धरून फिरवणाऱ्या पकडीबाहेर, व्यासाच्या तिपटीहून अधिक निघत असेल, तर तिच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा, म्हणजे चकासमोरच्या सरकत्या ठोकळ्याचा, आधार द्यावाच.

वेगाचा हिशेब तोंडपाठ असावा. हायस्पीड हत्याराखाली मऊ पोलाद मिनिटाला सुमारे तीस मीटर सरकावे, पितळ त्याच्या दुपटीने. या हिशेबाने 25 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी सळईला मिनिटाला पावणेचारशेच्या आसपास फेरे पुरतात. हत्यार सरकवणारे आकडे कोरलेले चाक मागे घेऊन पुन्हा आणायचे झाल्यास थोडे अधिक मागे न्यावे आणि नेहमी एकाच दिशेने आकड्यावर यावे, म्हणजे मळसूत्रातील ढिलेपणा मापात शिरत नाही.

परंतु किनाऱ्यावर खरा शत्रू आहे तो गंज. हवेतील मिठाचे कण यंत्राच्या चकचकीत पृष्ठावर बसतात, ओलावा ओढून घेतात, आणि पहाटे धातू गारठलेला असताना समुद्राची दमट हवा आत शिरली, की त्या पृष्ठाला चक्क घाम फुटतो. मी पहिल्या पावसाळ्यात यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन बांधून निश्चिंत झालो होतो. श्रावणात ते सोडले तेव्हा खालच्या पट्ट्यांवर तांबूस ठिपक्यांची रांगोळी उमटलेली होती, कारण प्लॅस्टिकने ओल आतच कोंडून धरली होती. तेव्हापासून काम संपताच कीस ब्रशाने झाडणे, घामट बोटांचे ठसे पुसणे, सर्व उघड्या पृष्ठांवर दाट तेलाचा हात फिरवणे आणि वर तेलात भिजवलेले सुती कापड घालणे, हा दस्तूर मी चुकवलेला नाही. हत्यारांच्या बंद पेटीत कापराची वडी ठेवतो. कपाटात चुनकळीचा डबा ठेवतो व ती फुटून पीठ झाली की बदलतो. आणि आषाढाच्या ऐन ओलीत यंत्राखाली जुन्या पद्धतीचा, तापत्या तारेचा एक दिवा जळत ठेवतो, कारण धातू हवेपेक्षा किंचित उबदार राहिला तर त्याला घाम येतच नाही.

दोन गोष्टींविषयी मात्र विनंती नव्हे, आग्रह आहे. चकाची किल्ली चकात असेपर्यंत हातातून सुटता कामा नये. ती चकात विसरून यंत्र सुरू केले तर ती गोळीसारखी सुटते. लुंगी, उपरणे, सैल बाह्या, अंगठी आणि हातमोजे यांना लेथजवळ मज्जाव असावा. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

हे सारे शिकण्यास उत्तम जागा म्हणजे बंदराजवळचे टर्नरचे दुकान. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्या पंख्याचे दांडे बाहेर निघतात आणि दांडा ज्यात फिरतो ते झिजलेले गनमेटलचे बुश बदलण्यासाठी कोळी बांधव या कारागिरांच्या दारात उभे राहतात. नवा बुश कातताना दांड्यापेक्षा भोक किती सैल ठेवायचे, म्हणजे आत शिरणारे पाणीच वंगणाचे काम करील, हे तो कारागीर बोटांनी सांगू शकतो. येत्या जूनमध्ये रेवदंड्यास, मुरुडास किंवा आपल्या जवळच्या बंदरी जाऊन त्याच्या दुकानी एक सकाळ उभे राहावे. हात मोकळा झाला की तो विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतो.