आडोसा, कोपरा आणि नेमबाजाचा हात

रोलप्लेइंग गेम म्हणजे खेळाडूंनी एकेका पात्राची भूमिका घेऊन संवाद, नियम आणि फासे यांच्या आधारे कथा पुढे नेण्याचा खेळ. १९८० मध्ये टीएसआर या कंपनीने मर्ल रास्मुसेन यांचा ‘टॉप सीक्रेट’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि १९८३ मध्ये ‘जेम्स बाँड ००७’ आला, तेव्हा या प्रकारात हेरांच्या कथांनाही स्वतंत्र स्थान मिळाले. अशा कथांत आडोशामागून गोळीबार करण्याचा प्रसंग वारंवार येतो आणि तेथे पात्र उजवे आहे की डावखुरे, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो.

उजवा नेमबाज भिंतीच्या उजव्या टोकाशी उभा असेल, तर पिस्तूल, उजवा हात आणि चेहऱ्याचा थोडा भाग एवढेच बाहेर येते व उरलेले शरीर भिंतीआड राहते. मात्र तोच डाव्या टोकाशी गेला, तर उजवा हात बाहेर काढण्यासाठी त्याला डोके, छाती आणि खांदाही उघडा टाकावा लागतो. डावखुऱ्याच्या बाबतीत हे गणित नेमके उलटते. खांद्याला टेकवून चालवायच्या बंदुकीत अडचण आणखी वाढते, कारण ब्रिटिश सैन्याच्या ‘एसए ८०’सारख्या रायफलीतून रिकामी काडतुसे उजवीकडे फेकली जात असल्याने रायफल डाव्या खांद्यावरून चालवल्यास ती काडतुसे थेट चेहऱ्यावर येतात.

पिस्तूल दुसऱ्या हातात घेता येते, परंतु नेम ढळतो. ‘गर्प्स’ या नियमसंचात सरावाच्या नसलेल्या हाताला ४ गुणांची वजावट आहे. तेथे तीन फाशांची बेरीज पात्राच्या कौशल्यगुणांइतकी किंवा त्याहून कमी आली, तर कृती यशस्वी होते. त्यामुळे अन्य कोणतीही वजावट नसताना १२ गुणांच्या नेमबाजाची यशाची शक्यता सुमारे ७४ टक्के असते, ती ८ गुणांवर सुमारे २६ टक्क्यांपर्यंत घसरते. दोन्ही हात सारखे चालण्याचा गुण घेतलेल्या पात्राला ही वजावट लागू होत नाही.

अशा रीतीने डाव्या टोकाशी पोहोचलेल्या उजव्या हेरासमोर शरीर उघडे टाकावे की नेमाची खात्री सोडावी, असा खरा पेच उभा राहतो, आणि पथकातील डावखुऱ्या सोबत्याला तीच जागा सोयीची ठरते. मात्र भिंतीचे कोणते टोक मोकळे आहे हे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने आधी स्पष्ट केले, तरच पात्राच्या नोंदीतला ‘डावखुरा’ हा शब्द खेळाला वळण देऊ शकतो.