इंटरनेटवरील रिकामीं नांवें

सोलापुरांतून होटगीच्या किंवा अक्कलकोटच्या रस्त्यानें बाहेर पडलें म्हणजे तारेचें कुंपण घातलेले कित्येक भूखंड दृष्टीस पडतात. आंत घर नाहीं, विहीर नाहीं, माणूस तर नाहींच. फाटकाजवळ एक पाटी मात्र असते व तिच्यावर मालकाचा फोन क्रमांक असतो. इंटरनेटवरही असेच भूखंड आहेत. त्यांस पार्क केलेलीं डोमेनें म्हणतात. गूगलसारखें शोधयंत्र त्यांची दखल घेतें कीं नाहीं, व घेतल्यास कशी घेतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांसही ठाऊक असणें आम्हांस अगत्याचें वाटतें. सोलापुरांत आतां पुष्कळ घरांचें पोट इंटरनेटवरील नांवावर अवलंबून आहे, आणि तें नांव रिकामें पडण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

प्रथम डोमेन म्हणजे काय तें पाहूं. इंटरनेटवरील संगणकास आंकड्यांचा पत्ता असतो. तो ध्यानांत ठेवणें माणसास कठीण, म्हणून त्याऐवजीं अक्षरांचें नांव वापरण्याची सोय केलेली आहे, हेंच डोमेन. तें कोणास कायमचें विकत घेतां येत नाहीं. ठराविक वर्षांची फी भरून तें आपल्या नांवें नोंदवावें लागतें, व मुदत संपण्यापूर्वीं फी पुन्हा भरावी लागते. मात्र नांव नोंदविलें म्हणजे तेथें पानें मांडलींच पाहिजेत असा नियम नाहीं. कोणाचा पुढेंमागें दुकान काढण्याचा बेत असतो, कोणास तें नांव चढ्या भावानें विकावयाचें असतें. तोंवर त्या जागीं एक तयार पान लावून ठेवतात; त्यावर नांव विकणें असल्याची सूचना व कांहीं जाहिराती असतात. गाडी कडेला उभी करून ठेवावी तसें हें नांव उभें करून ठेवलेलें.

अशा पानावर येतो तरी कोण, असें वाचक विचारतील. शोधयंत्रास न विचारतां थेट पत्ता टाइप करणारे लोक पुष्कळ आहेत, व ते बहुधा अंदाजानें टाइप करतात. आपल्या शहराचेंच उदाहरण घ्या. इंग्रजींत त्याचें नांव पूर्वीं 'शोलापूर' असें वाचलें जाईल अशा अक्षरांनीं लिहीत. आतां 'सोलापूर' असें लिहितात. म्हणजे शहराचें नांव असलेल्या प्रत्येक पत्त्यास एक जुळा भाऊ संभवतो, आणि वडील मंडळींचीं बोटें अजून त्या जुन्या भावाकडेच वळतात. असे चुकून आलेले लोक कांहीं वेळां जाहिरातीवर बोट ठेवतात, व नांवाच्या धन्यास त्याचे पैसे मिळतात. हा धंदा क्षुल्लक नाहीं. मुंबईंत १९९८ सालीं भाविन व दिव्यांक तुरखिया ह्या बंधूंनीं डायरेक्टी नांवाची कंपनी काढली. तिच्या समूहांतील स्केन्झो हा विभाग पार्क केलेल्या डोमेनांवर जाहिराती लावण्याचेंच काम करी. खुद्द गूगलनेंही एके काळीं अशा पानांसाठीं जाहिरातींची स्वतंत्र योजना चालविली होती.

आतां शोधयंत्राकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आपण प्रश्न विचारला म्हणजे तें यंत्र त्या क्षणीं सारें जग धुंडाळून उत्तर आणतें. तसें नाहीं. धुंडाळण्याचें काम आधींच झालेलें असतें. क्रॉलर नांवाचे प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर, तेथील लिंकच्या वाटेनें, अहोरात्र फिरत असतात. जें पान भेटेल त्यांतील शब्द ते टिपून घेतात, व त्यांची एक प्रचंड सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते. तिच्यांत 'कापूस' हा शब्द पाहिला म्हणजे तो कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे तें कळतें. ही सूची तशीच. आपण प्रश्न टाकतों तेव्हां यंत्र ती सूची उघडतें.

पण एका शब्दाखालीं लाखों पानें निघालीं तर त्यांतील पहिलें कोणतें दाखवावयाचें? ह्या कामीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज व सर्गेई ब्रिन, ह्यांनीं एक युक्ति योजिली आणि १९९८ सालीं गूगल कंपनी स्थापन केली. पान स्वतःविषयीं काय सांगतें तेवढेंच न पाहतां, इतर पानें लिंक देऊन त्याच्याकडे बोट दाखवितात कीं नाहीं तें पाहावयाचें. आणि बोट दाखविणाराची स्वतःची पत किती, तेंही मोजावयाचें. नव्या पेठेंत एखादा मनुष्य आपणच उत्तम शिंपी आहों असें ओरडून सांगूं लागला तर त्याचें कोण ऐकतो? पण चार जाणती घरें त्याचें नांव सांगतील तर आपण कापड घेऊन त्याच्याकडे जातों. आज गूगल ह्याखेरीज इतर अनेक गोष्टी विचारांत घेतें. पानावरील मजकूर प्रश्नास धरून आहे काय, तो दुसरीकडून उचललेला तर नाहीं ना, हें सर्व पाहिलें जातें. परंतु लिंकची साक्ष अद्यापि बाद झालेली नाहीं.

ही कसोटी पार्क केलेल्या पानास लावून पाहा. त्याच्याकडे येणारी वाट बहुधा नसतेच. रिकाम्या भूखंडाचा पत्ता कोण कोणास देतो? क्रॉलर तेथें पोंचला तरी त्याला दिसतो तोच ठराविक सांचा, जो दुसऱ्या हजारों नांवांवर त्यानें पाहिलेला असतो. टिपून घेण्याजोगें कांहीं नसतें. म्हणून अशा पानाची सूचींत नोंद होत नाहीं, किंवा झालीच तर ती तळाशीं पडून राहते. इतकें असूनही कांहीं पानें वर येत असत. तेव्हां २०११ च्या अखेरीस गूगलनें जाहीर केलें कीं, पार्क केलेलीं डोमेनें आपोआप ओळखण्याची एक नवी रीत आपण लागू केली आहे व अशीं पानें बहुतेक प्रसंगीं आपण दाखविणार नाहीं.

ह्या रीतीची एक फजिती ऐकण्यासारखी आहे. एप्रिल २०१२ मध्यें कांहीं चालत्या संकेतस्थळांच्या मालकांस आपलीं पानें शोधांतून एकाएकीं घसरलेलीं आढळलीं. गूगलचे मॅट कट्स ह्यांनीं लौकरच खुलासा केला. पार्क केलेलीं डोमेनें ओळखणारा प्रोग्राम ज्या फाइली वाचून निर्णय देतो त्यांपैकीं एकदोन चुकून रिकाम्या राहिल्या होत्या, आणि त्यामुळें नांदतीं घरें ओसाड ठरलीं! रिकाम्या फाइलींनीं भरल्या घरास रिकामें म्हणावें, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. ज्यांची गिऱ्हाइकें त्या दिवशीं परत गेलीं त्यांस अर्थातच वाटला नसेल.

नांवांतच शोधाचे शब्द कोंबले म्हणजे पुढचा क्रमांक मिळतो, असाही एक समज आहे. पूर्वीं त्यांत थोडें तथ्य होतें. सप्टेंबर २०१२ मध्यें गूगलनें निकृष्ट मजकुराच्या अशा नांवांचा तोही आधार काढून घेतला.

'पार्क केलेलें डोमेन' ह्या शब्दांचा आणखी एक अर्थ आहे, तो निरुपद्रवी आहे. एकाच संकेतस्थळास दोन नांवें जोडतात, तेव्हां जागा भाड्यानें देणारे त्यांतील दुसऱ्या नांवासही पार्क केलेलें म्हणतात. वर सांगितलेलीं शहराच्या नांवाचीं दोन रूपें एकाच दुकानानें घेतलीं तर तें शहाणपणाचेंच होय. शोधयंत्र मात्र एकच मजकूर दोन ठिकाणीं पाहून त्यांतील एकच नांव निवडतें. आपल्यास हवें तेंच निवडलें जावें म्हणून दुसऱ्या नांवावर आलेल्या माणसास कायमचें पहिल्याकडे वळवून द्यावें. मग दोहोंकडील लिंकची साक्ष बहुतांशीं एकत्र जमा होते.

आतां खऱ्या धोक्याची गोष्ट. समजा, चाटी गल्लींतील एका चादरीच्या व्यापाऱ्याचें संकेतस्थळ पंधरा वर्षें चाललें आहे. वर्तमानपत्रांनीं त्याविषयीं लिहिलें, परगांवच्या दुकानदारांनीं त्यास लिंक दिल्या. नांवाची नोंदणी मुलानें आपल्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर केलेली. मुलगा नोकरीस पुण्यास गेला, तें ईमेल कोणी उघडीना, आणि फीचीं स्मरणपत्रें तेथेंच पडून राहिलीं. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे. पण त्या मानांकनानें कोणाच्या डोमेनची फी भरली जात नाहीं. डॉट कॉम नांवाची मुदत टळून तें रद्द झालें म्हणजे जादा दंड भरून सोडविण्यास ३० दिवस मिळतात. त्यानंतरचे ५ दिवस कोणासच कांहीं करतां येत नाहीं. मग तें नांव पहिल्या येणाऱ्याचें. अशा नांवांवर टपून बसलेले लोक असतात. त्यांस चादरीशीं कर्तव्य नसतें. त्यांस हवी असते ती पंधरा वर्षांची साक्ष, कारण जुन्या लिंका अजून त्या नांवाकडेच बोट दाखवीत असतात. मग तेथें प्रतिस्पर्धी दुकानांच्या जाहिराती लागतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुगाराचीं पानें. मार्च २०२४ मध्यें गूगलनें मुदत संपलेल्या डोमेनांचा असा उपयोग आपल्या नियमांत स्पष्टपणें निषिद्ध ठरविला. तरीही प्रत्येक लबाडी त्याच दिवशीं पकडली जाते असें नाहीं. आणि छापील कागदावरील पत्त्यास तर शोधयंत्राचा हात पोंचतच नाहीं. शाळांच्या जुन्या वार्षिकांत जे पत्ते छापले आहेत त्यांवर माजी विद्यार्थी विश्वासानें जातात, आणि लहान मुलेंही जातात.

कायदा अगदींच पांगळा नाहीं. रेडिफ ह्या मुंबईच्या कंपनीच्या नांवांतील एकच अक्षर बदलून दुसऱ्यांनीं डोमेन घेतलें, तेव्हां १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस मनाई केली. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत डोमेनास व्यापारी नांवासारखें संरक्षण मान्य केलें. डॉट इन नांवांच्या तंट्यांसाठीं स्वतंत्र लवादाची सोय आहे. पण तेथें समोरच्याचा दुष्ट हेतु दाखवून द्यावा लागतो, आणि फी भरण्याचें आपणच विसरलों असतां तें काम सोपें राहत नाहीं.

म्हणून नोंदणी एका व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या वा दुकानाच्या नांवें करावी, आणि स्मरणपत्रें निदान दोन चालत्या ईमेलांवर येतील असें पाहावें. एका वेळीं दहा वर्षांपर्यंतची फी भरतां येते. नवें नांव घेतांनाही तें पूर्वीं कोणाकडे होतें याचा तपास करावा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, जें २००१ पासून सर्वांस खुलें आहे, पुष्कळ जुन्या पानांच्या प्रती तारखेवार पाहावयास मिळतात. तेथें पत्ता घालून पाहण्यास पैसा लागत नाहीं.