विहिरीच्या डबरात काय होते?

‘महाराष्ट्राचे पठार बेसाल्ट ह्या अग्निजन्य खडकाचे बनलेले आहे.’ सातवीत असताना हे वाक्य मी पाठ केले होते. सहामाही परीक्षेत रिकामी जागा आली, तिथे ‘बेसाल्ट’ लिहिले आणि एक गुण मिळवला. पण त्या दिवशी कोणी मला ‘बेसाल्ट दाखव पाहू’ असे म्हटले असते, तर मी गप्प उभी राहिले असते. गंमत अशी, की ज्या पायरीवर बसून मी पाठांतर केले ती पायरी बेसाल्टची होती. आईचा पाटा-वरवंटा बेसाल्टचा, जाते बेसाल्टचे आणि सिन्नरला सहलीत पाहिलेले गोंदेश्वराचे देऊळही बेसाल्टचेच. पुस्तकातला खडक आणि पायाखालचा दगड ह्यांची गाठ पडायला दुष्काळ यावा लागला.

ते १९७२ साल होते. आमचे खेडे सिन्नर तालुक्यातले. सह्याद्री फार दूर नाही, पण पाऊस तिकडेच रिता होतो आणि आमच्याकडे नुसते ढग येतात. त्या वर्षी तर ढगही फिरकले नाहीत. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, हे चित्र त्या पिढीतला कोणीही विसरलेला नाही. दिवाळीनंतर आमच्या विहिरीने तळ दाखवला. मी आणि थोरली बहीण पहाटे उठून ओढ्यातल्या झिऱ्यावर जात असू. वाटीने पाणी उपसून हंडा भरायला तासभर लागे. हा झिरा लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे आणले. पैसे एकाच कामापुरते होते, आणि कामे दोन सुचत होती. शेजारच्या गावाहून आलेल्या पाणाड्याने बेचकीसारखी काठी दोन्ही हातांत धरून शेतभर फेऱ्या घातल्या. वरच्या बांधाजवळ काठी खाली झुकली. ‘इथे नवी विहीर खणा,’ तो म्हणाला. उलट, विहिरी खणण्यात हयात गेलेले वडार मिस्त्री म्हणाले, ‘आहे तीच खोल करा. दोन-अडीच परस खाली दगड बदलेल असं वाटतं.’ परस म्हणजे माणसाच्या उंचीचे माप. विहिरीची खोली आमच्याकडे ह्याच मापात सांगत. पण ‘वाटतं’ ह्या शब्दावर पाटल्या लावायच्या कशा? आबा दोन रात्री झोपले नाहीत.

मी ही हकिकत वर्गात सांगितली. भूगोल आणि विज्ञान दोन्ही शिकवणारे आमचे गुरुजी एकच होते. ते म्हणाले, ‘विहीर कोरडी आहे ना? मग भिंत पुरती उघडी असेल. आत उतरून काय दिसते ते लिहून आण. ऐकलेले नको, पाहिलेले लिही.’

मी दर फुटाला गाठ मारलेला दोर घेतला आणि मिस्त्रींच्या मागोमाग विहिरीत उतरले. वरून दोन फूट काळी माती. त्याखाली नऊ फूट मुरूम, बोटांनी कुस्करावा तसा. मग बारा फूट काळा पाषाण, पण भेगाळलेला. आणि त्याखाली तळापर्यंत पंधरा फूट असा सलग पाषाण, की पहार मारली तर ती खण्ण करून परत यावी. एकूण खोली अडतीस फूट. मिस्त्री प्रत्येक थराचे नाव सांगत आणि मी वहीत लिहून घेत असे. ह्या साऱ्यात ‘बेसाल्ट’ कुठे दिसेना, म्हणून मी खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना वही दाखवली तेव्हा ते हसले. ‘अगं, मुरूम हाही बेसाल्टच, ऊन-पावसाने कुजलेला. भेगाळलेला तो बेसाल्ट, सलग तोही बेसाल्ट. तुझ्या मिस्त्रींनी एका खडकाला चार नावे दिली, कारण त्यांना चारही ठिकाणी वेगवेगळी हत्यारे लागतात.’

मग त्यांनी फळ्यावर जे काढले, ते त्या पुस्तकात नव्हते. आपल्या पठाराचा खडक म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. तो एकदाच आला नाही. एक लोट पसरला, थंड झाला. मग काही काळ गेला आणि त्यावर दुसरा पसरला. असे थरावर थर साचत गेले. म्हणूनच आमच्या पश्चिमेचे डोंगर दुरून पाहिले तर पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. ह्या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी ह्या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आला आहे. ह्या लाव्ह्याचे वय आता सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे धरतात, आणि त्यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असे अलीकडच्या मोजण्यांवरून दिसते. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी २०११ नंतर खोल छिद्रे घेतली, तेव्हा एका छिद्रात बेसाल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोचायला नऊशे मीटरांहून अधिक खाली जावे लागले. आमची अडतीस फुटांची विहीर म्हणजे त्यापुढे सुईचे टोचणेच!

प्रत्येक लोटाची घडण मात्र सारखी असते, आणि आमच्या कामाची गोष्ट तीच होती. तव्यावर धिरडे घातले की बुडबुडे वर येतात आणि वरच्या अंगाला जाळी पडते. लाव्ह्यातले वायूही तसेच वर येतात. त्यामुळे लोटाचा माथा सच्छिद्र होतो. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट आणि सलग. थंड होताना खडक आकसतो आणि आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा त्याला उभ्या भेगा पडतात. माथ्यावरच्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरतात. अशा ठिपकेदार, ठिसूळ दगडाला मिस्त्री ‘मांजऱ्या’ म्हणत. आणि दोन लोटांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, तो आमचा गेरू. पहिला लोट उघडा पडला असताना त्याची जी झीज झाली, किंवा त्यावर ज्वालामुखीची जी राख बसली, ती पुढच्या लोटाखाली दबून भाजली गेली, म्हणून ती तांबडी.

आता तुम्हीच विचार करा. सलग पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. पाणी राहते ते भेगांत, मुरमात आणि मांजऱ्यात. आमच्या विहिरीला आजवर पाणी दिले ते वरच्या भेगाळ थराने, आणि दुष्काळात तो रिकामा झाला. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की हा लोट संपायला अजून किती खणावे लागेल?

गुरुजींनी तो प्रश्न मला विचारला आणि मी पटकन म्हणाले, ‘ते जमिनीच्या आत कोणाला दिसणार?’ मग एकदम आठवले. ओढ्यातला झिरा! तिथे दरडीत मनगटाएवढी तांबडी रेघ होती. तिच्या वर काळा दगड, खाली पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, आणि पाणी त्या ठिपक्यांच्या दगडातून येई. दोन महिने रोज पहाटे मी त्या रेघेसमोर बसत होते. पण ती ‘पाहिली’ मात्र त्या क्षणी.

ओढ्याने जमीन कापून जे उघडे केले होते, तेच विहिरीखाली असले पाहिजे, असा तर्क. आता विहिरीच्या काठापासून ती रेघ किती खाली आहे हे मोजायचे होते. त्यासाठी आम्ही पाणसळ केली. तुम्हालाही ती करता येईल. एकवीस फूट लांबीची रबरी नळी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवल्या आणि आत रंगीत पाणी भरले. दोन्ही टोकांचे पाणी नेहमी एकाच पातळीत राहते. प्रत्येक टोकाशी इंचांच्या खुणा केलेली एक काठी उभी धरायची आणि पाणी कुठल्या खुणेवर आहे ते वाचायचे. दोन आकड्यांमधला फरक हाच त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. मग मागची काठी पुढे न्यायची. विहिरीपासून झिऱ्यापर्यंत छत्तीस वेळा काठी हलवावी लागली. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्याने पहिल्या दिवशीची सारी मेहनत फुकट गेली, हेही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी बेरीज आली बावन्न फूट. उलट दिशेने मोजत आलो तेव्हा साडेएक्कावन्न.

म्हणजे तळाखाली आणखी तेरा-चौदा फूट. मिस्त्रींचे दोन-अडीच परस!

गुरुजी संध्याकाळी घरी आले. त्यांनी आबांना जे सांगितले ते मला अजून आठवते, कारण त्यात खात्रीपेक्षा शंकाच अधिक होत्या. लाव्हा पाटीसारखा सपाट पसरत नाही, तेव्हा थर चार फूट वर-खाली असू शकेल. तो मध्येच संपलेलाही असू शकेल. आणि मांजऱ्या लागला तरी त्यात पाणी किती असेल हे नळीने कळत नाही. आबा म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही निदान काय माहीत नाही ते सांगता.’ दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना कामाला यायचा निरोप गेला.

सलग पाषाण फोडायला महिना लागला. पहार, घण, सुरुंग. डबर यारीने वर यायचे आणि मी शाळेतून आल्यावर ते चाळायची. रोज तोच काळा दगड. आई काही बोलत नसे, पण तिच्या मोकळ्या हातांकडे माझे लक्ष जाई. रंगपंचमीला चार दिवस असताना दुपारच्या सुरुंगानंतर माणसे वर आली ती तांबडी होऊन. एकोणपन्नास फुटांवर गेरू लागला होता. आमचा अंदाज तीन फुटांनी चुकला होता, आणि तशी चूक होऊ शकेल हे गुरुजींनी आधीच सांगितले होते.

त्याखालच्या मांजऱ्यातून पाणी आले. फार नाही. रात्रभरात गुडघाभर साचे. पिण्यापुरते, गुरांपुरते आणि चार सऱ्या घासापुरते. ऊस-द्राक्षे पिकवण्याचे पाणी ते नव्हते, आणि आबांच्या मनात थोडी निराशा राहिलीच. पण पुढच्या पावसापर्यंत बैल विकावे लागले नाहीत.

डबरातल्या मांजऱ्यात मला पांढऱ्या, मोत्यासारख्या चमकीच्या पापुद्र्यांचे स्फटिक मिळाले. मुलांनी ते हिरे ठरवून वाटूनही घेतले होते! गुरुजींनी ते स्टिलबाइट असल्याचे सांगितले. हे झिओलाइट गटातले खनिज. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने हे नाव दिले. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याचा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवून पाहा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. दगडातून पाणी निघालेले पाहून आमच्या वर्गात तर टाळ्याच पडल्या.

मला मात्र दुसरेच कोडे पडले होते. तो फूटभर गेरू तयार व्हायला किती वर्षे लागली असतील? म्हणजे दोन लोटांमध्ये जमीन किती काळ निवांत होती? गुरुजी म्हणाले, ‘ठाऊक नाही.’ पुढे मी हाच विषय शिकले, शिकवलाही. काही पट्ट्यांना हजारो वर्षे लागली असावीत असे मानतात, पण प्रत्येक पट्ट्याचे उत्तर वेगळे येते.

पाणाड्याचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. तीन वर्षांनी माझ्या चुलत्यांनी त्याच वरच्या बांधाजवळ विहीर खणली, आणि तिलाही पाणी लागले! पाणाड्याची गावभर वाहवा झाली. मी मुकाट्याने पाणसळ घेऊन गेले. ती जागा आमच्या विहिरीच्या काठाहून सोळा फूट उंच होती, आणि गेरू लागला होता सहासष्ट फुटांवर. तोच थर. तो सगळ्या शिवाराखाली पसरला होता, तेव्हा काठी कुठेही झुकली असती तरी खाली कधी ना कधी पाणी मिळणारच होते. फक्त वर खणणाऱ्याला अधिक खणावे लागले.

आणि थर एकच, ह्याची दुसरी बाजू मला त्याआधीच कळली होती. १९७३ ला पाऊस चांगला झाला. तोवर आमचे पाहून शिवारातल्या आणखी तीन विहिरी गेरूच्या खाली गेल्या होत्या. १९७४ च्या चैत्रात मी सहज ओढ्यावर गेले. दुष्काळातही न आटलेला तो झिरा कोरडा पडला होता. तांबड्या रेघेखालचा ठिपकेदार दगड पांढरा, सुका दिसत होता. खालच्या वाडीतल्या बायका, ज्यांचा सारा उन्हाळा त्या झिऱ्यावर निघायचा, त्या आता अर्धा मैल चढून आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. आबांनी कधी कोणाला नाही म्हटले नाही. गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझी जुनी वही मागितली, विहीर आणि ओढा दाखवणारी आकृती काढली होती ते पान उघडले आणि विचारले, ‘ह्यात पाणी कुठून कुठे जाते, ते बाण तू काढले होतेस का?’ काढले नव्हते. त्या दिवशी काढले.